नावाला भाडं लागत नाही

३ मार्च १९८९, शुक्रवार. अमळनेर.

लिहायला बसावं लागलं, कारण आज सरकारनं माझं म्हणणं मान्य केलं आणि मला ते कळेना.

नऊ वर्षं अर्ज करत आले — खो-खोसारख्या उपेक्षित खेळांच्या प्रसारासाठी साहाय्य मिळावं. म्हणजे मैदान सपाट व्हावं, खांब मिळावेत, मुलींच्या एस.टी.चं भाडं मिळावं. आज मंजुरी आली. कशाला? 'उपेक्षित खेळांच्या प्रसारणासाठी'!

प्रसार मागितला, मिळालं प्रसारण. वाटेत कुठेतरी एक ण चिकटला. मराठी घेऊन बी.ए. झाले, पस्तीस वर्षं शाळेत न आणि ण शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर या ण नं मला गाठलं.

अर्थ असा — सामना रेडिओवरून ऐकवायला पैसे आहेत. खेळवायला नाहीत. आणि मार्चअखेर खर्च करायचे, नाहीतर परत.

चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तेच आहे.

८ मार्च

जळगावला जाऊन आले. क्रीडा खात्याचे साहेब तरुण आहेत, बोलतात गोड. म्हटलं, चूक झाली आहे, दुरुस्त करून द्या.

"बाई, चूक असो नसो, मंजूर आहे ना! दुरुस्तीला पाठवलं तर नामंजूर होऊन येईल."

"मुली मैदानावर यायच्या कशा?"

"ते या शीर्षात बसत नाही."

मग हळूच म्हणाले, राज्याची निवड समिती पुण्यात बसून हा सामना ऐकणार आहे. ऐकून एक मुलगी शिबिरासाठी निवडणार. दोन वर्षं पुण्यात राहणं, जेवण, शिक्षण, सराव — सगळं सरकारचं.

"ऐकून? खो-खोतली मुलगी कानानं निवडणार?"

"वर्णन चांगलं झालं पाहिजे, बाई."

हसावं की रागवावं कळेना. पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून एकच विचार — रुपली.

रुपली पावरा. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरची. वसतिगृह दहावीला संपलं, म्हणून वर्षभर माझ्या घरी राहून अकरावी करते आहे. तिच्यासारखी पळणारी मी पाहिली नाही. एप्रिलात परीक्षा झाली की बाप, नथ्थू, न्यायला येणार. नथ्थू गेल्या खेपेला म्हणाला, "बाई, तुमची मोलकरीण आहे का ती? किती दिवस ठेवणार?" बरोबरच बोलला. तो तिचं लग्न बघतो आहे. शिबिरात गेली तर शिकेल. नाहीतर पुढच्या होळीला नवऱ्याच्या घरी असेल.

१२ मार्च, रविवार

समालोचक मिळेना. पुण्या-मुंबईचा कोणी खो-खोला यायला तयार नाही. शेवटी जीवराम सोनवणे. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत कर्ण्यावरून ओरडतो, एरवी रिक्षातून सिनेमाच्या जाहिराती.

त्याला म्हटलं, धावतं समालोचन करायचं आहे.

"मंग मी बी पयू का काय, बाई? मना गुडघा दुखस."

"जीवराम, जागेवर बसून बोलायचं!"

सराव बघायला आणून बसवला. बघत राहिला. "कुस्तीत दोन गडी असतात, बाई. इथं तर पोरींची यात्राच सुटलीय." मग तोंडापुढे मूठ धरून सुरू झाला — "आणि रुपलीनं धोबीपछाड टाकलेला आहे!"

मुली हसून मातीत लोळल्या. रुपली तर खांबाला धरून हसत होती. मी शिट्टी मारली. जीवरामला नियम तोंडपाठ करायला दिले.

१६ मार्च

जीवराम सुधारतो आहे. आज एकदाच "पट काढला" म्हणाला.

१८ मार्च, शनिवार

उद्या सामना — जळगाव विरुद्ध धुळे. आज संध्याकाळी धुळ्याचे प्रशिक्षक भटू देवरे यांचा फोन.

"बाई, आमच्या पोरी येत नाहीत. एक तर मंगळवारी होळी. आणि भाडं कोण देणार? मंडळाकडे दमडी नाही."

"अहो, रेडिओची लाइन उद्याची आहे! पुण्याला लोक ऐकायला बसणार!"

देवरे म्हणाले, "मग नावं घ्या. नावाला भाडं लागत नाही."

फोन आपटणार होते. आपटला नाही. पेन्सिल घेतली. त्यांनी सांगितली, मी लिहिली. रेशमा, मंजुळा, यशोदा रुपचंद पाटील —

"ही यशोदा कशी पळते?"

"पळायची. माघात लग्न झालं. सासरी नाव बदललं, आता सुरेखा. यशोदा हे नाव रिकामंच पडलंय, बाई. खुशाल वापरा."

नाव रिकामं पडतं? डबा आहे का?

माझं नाव कोणी बदललं नाही. कोणाला संधीच दिली नाही.

१९ मार्च, रविवार. संध्याकाळ.

झालं ते लिहिते. बरोबर की चूक ते नंतर.

आमच्या मुली बारा. नऊजणी पाठलागाला, तिघी पळायला. खो-खोला एका वेळी मैदानात एवढ्याच लागतात. पहिल्या पाळीत पळणाऱ्या त्या जळगावच्या, आपापल्या नावानं. दुसऱ्या पाळीत त्याच मुली धुळ्याच्या, धुळ्यानं दिलेल्या नावांनी. मी शेवटच्या क्षणी कचरले. जीवराम माइक पुसत म्हणाला, "बाई, ऐकणाऱ्याला कपडे दिसतात का?"

बघायला आलेले मोजकेच, बहुतेक माझे जुने विद्यार्थी. त्यांच्याकडे एकदा बघितलं. पुरलं.

पहिली पाळी. जीवराम म्हणाला, "आता मैदानात उतरत आहे जळगावची रुपली पावरा!" — आणि रुपली दगडासारखी उभी राहिली. हुलकावणी नाही, काही नाही. खांबाजवळ सुरुवातीलाच बाद. अशी बाद होताना मी तिला कधी पाहिली नाही!

दुसरी पाळी. "धुळ्याची यशोदा पाटील!" तीच रुपली. मागे दोन वेण्या, तेच पाय. आणि काय धावली! बसलेल्या मुलींमधून एकेरी साखळी, मध्येच उलटी, खांबाला वळसा, टिपायला आलेली मुलगी आडवी आणि ही पलीकडे. जीवराम खुर्चीवरून उठून उभा राहिला. कुस्ती विसरला. नुसतं म्हणत होता — "यशोदा… यशोदा… अजून यशोदा!" पाळी संपली तरी नाबाद.

धुळे जिंकलं. म्हणजे आम्ही हरलो. म्हणजे आम्हीच जिंकलो. मुली माझ्याकडे बघत होत्या, आनंद करायचा का म्हणून. मी म्हटलं, पाणी प्या.

२० मार्च

धावणं खरं, नावं खोटी. मग सामना काय?

२१ मार्च. होळी.

रुपलीला चोपड्याच्या बसमध्ये बसवायला गेले. स्थानकावर विचारलं — पहिल्या पाळीत काय झालं होतं?

जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबानं रेडिओ मागून आणल्याचा निरोप होता, बाई. होळीला सगळे आलेले. सगळा पाडा ऐकत होता. जीवरामदादा माझं नाव बोलले आणि माझे पायच उचलेनात."

"आणि दुसऱ्या?"

"यशोदाचं कोण ऐकणार? तिचं घरच नाही. मोकळं वाटलं."

बस निघाली. हात करायचा राहिला.

२८ मार्च

साहेबांचं बोलावणं. जळगाव.

"अभिनंदन, बाई! तुमच्या सामन्यातून निवड झाली. यशोदा पाटील, धुळे."

मी खुर्चीत सरळ बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लोटलं.

"रुपली पावरा तर सुरुवातीलाच बाद झाली, बाई. सगळ्यांनी ऐकलंय. टेप आहे."

"साहेब, रुपली आणि यशोदा एकच आहेत!"

"टेपमध्ये दोन आहेत."

"मी तिथे होते. डोळ्यांनी पाहिलं."

"समितीनं कानांनी ऐकलं. निवड त्यांची."

पुढे म्हणाले — अजून गोडच आवाजात — तुम्ही लेखी द्या की सामना खोटा होता. निधी परत जाईल, कोणाचीच निवड होणार नाही, आणि या भागातला खो-खो पुन्हा रेडिओवर येणार नाही. नाहीतर यशोदाला पाठवा. शाळा सोडल्याचा मूळ दाखला पाच तारखेपर्यंत.

चहा मागवला. मी प्याले. का प्याले?

३० मार्च

रुपली परत आली. लपवण्यात अर्थ नव्हता, सांगून टाकलं.

तिनं पिशवी खाली ठेवली. "मग मी यशोदा होते."

इतक्या सहज! मी ओरडले. नाव म्हणजे काय चप्पल आहे, दुसऱ्याची घालून चालायला? तुझ्या आईबापानं ठेवलेलं नाव! सारं आयुष्य लोक तुला भलत्याच नावानं हाक मारणार, ते चालेल?

शांतपणे म्हणाली, "लग्न झालं की बदलणारच आहे, बाई. तेव्हा तुम्ही रागावला नसता."

किती विद्यार्थिनींच्या लग्नांना गेले. तांदळात अंगठीनं लिहिलेलं नवं नाव वाचलं, छान आहे म्हटलं, जेवले, आले.

तरी नाही. दाखलाच नाही, म्हणजे प्रश्न मिटला. उद्या साहेबांना लेखी देणार.

३१ मार्च

लेखी दिलं नाही.

३ एप्रिल, सोमवार

दुपारी दार वाजलं. नवी नवरी, हातभर हिरव्या बांगड्या, बरोबर कोणी नाही.

"मी यशोदा."

मला वाटलं, जाब विचारायला आली. तिचा हक्कच होता. मी माफी मागायला लागले तर ऐकेच ना. आत येऊन खाली बसली. तिला बोलायचं होतं.

सासर पारोळ्याजवळ. त्या रविवारी सासूबरोबर गहू निवडत होती. सासऱ्यांनी रेडिओ लावला होता. "सासू म्हनी, 'कोनी पोर शे व ही यशोदा? कशी पयी राहिनी!' बाई, मना हात गव्हातच अडकी गया. सासरा म्हणे, 'सुरेखा, तू धुळ्याकडची ना? वळखस का हिला?'"

"तू काय म्हणालीस?"

"नही म्हटलं."

हसली. मग हसू पुसलं.

देवरे सरांना गाठून तिनं माझा पत्ता काढला होता. माहेरी जाते सांगून निघालेली. मी तिला सगळं सांगितलं — रुपली, पुणे, दाखला. आणि जे माझं कर्तव्य होतं ते विचारलं — निवड तुझ्या नावाची आहे. तू जातेस का?

"माले कोन जाऊ देई, बाई?"

मग म्हणाली, ती पोर दाखवा.

तिला मैदानावर नेलं; रुपली तिथेच होती. यशोदा म्हणाली, "पयीसन दखाड." पळून दाखव म्हणत होती. रुपली पळाली. यशोदानं पदर खोचला आणि मागे सुटली! बांगड्या नुसत्या वाजत होत्या. दोनदा फसली, तिसऱ्यांदा खांबाशी तिला धरलंच. दोघी धापा टाकत मातीत बसल्या. मी शिट्टी तोंडाला लावली होती. वाजवली नाही.

जाताना, माहेरी मुक्काम आहे, उद्या येऊन जाईन म्हणाली. कशाला ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. नाही — कळलं नव्हतं.

४ एप्रिल, मंगळवार

आज सकाळी माझ्या घरी, माझ्यासमोर रुपलीच्या हातात दिला — यशोदा रुपचंद पाटील हिचा शाळा सोडल्याचा दाखला, मूळ प्रत, माहेरच्या पेटीतून आणलेली. दाखल्यावर फोटो नसतो. देताना एवढंच म्हणाली, "नाव तरी पयू दे."

देणारी — सुरेखा.

घेणारी — यशोदा.

असंच लिहिलं गेलं. खोडत नाही.