दिवसा लाईट लावून फिरणाऱ्या गाडीची हकीकत

शिरड शहापूर,
रविवार, १४ मे २००६

सन्माननीय व्याही मुंजाजीराव यांच्या सेवेशी,

शिरडहून जळबाचा सप्रेम जयभीम. इकडं चतुराबाईचे गुडघे सोडले तर आमचं सगळं ठीक आहे. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन औरंगाबादेत नीट पार पडलं हे कळून जिवाला बरं वाटलं. हिरवी पट्टी आहे तोवर डोळा चोळू नका, खाली वाकू नका आणि कोणावर रागावू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं असेलच. त्यातलं शेवटचं निदान हे पत्र संपेपर्यंत तरी पाळावं. पत्र वाचून दाखवणाऱ्या तुमच्या थोरल्या सूनबाईंना आशीर्वाद. (सूनबाई, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही. मनात वाचायचं आणि पुढं जायचं.) फोन असताना पत्र काहून, असं तुम्ही म्हणाल. तर फोनवर मी गाडीचा विषय काढला की तुम्ही फोन ठेवता. पत्राच्या वेळी पट्टीमुळं तुम्हाला उठून जाता येणार नाही, हा विचार करून कागद हाती घेतला.

नातीबद्दल तुमचं आणि माझं पुन्हा एकदा अभिनंदन. पोरगी तुमच्यावर गेली आहे, म्हणजे आवाजानं. परवा शुक्रवारी भर दुपारी आकांक्षाला बाळापूरहून नांदेडच्या दवाखान्यात वेळेवर पोचवणाऱ्या जीपवाल्याला टॉवेल-टोपी करायची, असं तुम्ही फोनवर विहीणबाईंना म्हणालात म्हणे. विचार फार चांगला आहे. त्या माणसाबद्दल शेवटी लिहितोच. आधी माझ्या फियाटची हकीकत ऐका.

जानेवारीत आकांक्षाची गोड बातमी कळली तेव्हा मी तुम्हाला पाहुणचाराला शिरडला न्यायला आलो होतो. गाडी चौऱ्याऐंशी सालची. मी घेतली तेव्हाच तिचा मूळ रंग कोणता याबद्दल घरात दोन मतं होती, आता ती बराबर आपल्या रस्त्याच्या रंगाची झाली आहे. वारंगा फाट्याजवळ एक ट्रक दुसऱ्याला ओव्हरटेक करत थेट आपल्या अंगावर आला. म्या चाक फिरवलं आणि आपण दोघं गाडीसकट हळदीच्या वावरात. तुमचा चष्मा गेला तो गेलाच. (वावराच्या मालकाला हळद काढताना सापडला. त्यानं घातला, त्याला बरं दिसतं म्हणून त्यानं ठेवून घेतला.) ट्रकवाला भला माणूस, थांबला, खाली उतरला आणि म्हणाला, चाचा, गाडी दिखीच नहीं, रोड और गाडी एकच कलर की है. त्यावर तुम्ही हळदीत उभं राहून, एका हातात टोपी धरून जाहीर केलं की माझ्या डोळ्यांदेखत माझी सून या गाडीत बसणार नाही, बाळंतपणाला माहेरी जायचं तर एसटीनं जाईल. मला राग आला नाही. (आला होता. चार दिवस घरात कोणाशी बोललो नाही.)

व्याही, आता मनातलं सांगतो. आकांक्षाच्या वेळी मी चतुराबाईला सातव्या महिन्यात एसटीनं तिच्या माहेरी नेलं होतं. बस खचाखच भरलेली. बसायला जागा मिळाली नाही, बाई दोन तास दांड्याला धरून उभी होती आणि मी शेजारी नुसता पिशवी घेऊन. तिनं तकलीफ बोलून दाखवली नाही, पण मला ते आजपर्यंत खुपतं. रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली ती फिरायला नाही. आपल्या पोरीला बाळंतपणाला आपल्या गाडीत, मागच्या सीटवर उशी ठेवून आणायची, एवढ्यासाठीच घेतली. आणि तुम्ही त्याच गोष्टीला नाही म्हणालात. मग मी पण ठरवलं की गाडी समोरच्याला दिसत नाही ना, तर ती अशी दिसली पाहिजे की ट्रकवाल्यानं मैलभर आधीच बाजूला व्हावं.

आमचा धम्मानंद पुण्याकडं गाड्यांच्या कारखान्यात आहे हे तुम्हाला माहीत आहे. त्यानं सांगितलं की बाहेरच्या देशात गाड्यांना पुढं छोट्या पांढऱ्या लायटी असतात, चावी फिरवली की आपोआप लागतात, दिवसभर चालू, उजेड पाडायला नाही तर दुसऱ्याला दिसायला. मी चौतीस वर्षं वीज मंडळात लाईनमन होतो. लाईट लावायची म्हटल्यावर मला कोण अडवणार? वारंगा फाट्यावर तांड्यातल्या नेमसिंगचं ट्रकच्या लायटीचं दुकान आहे, तिथं गेलो. तो म्हणाला, काका, दिवसा लाईट कोन पाहून राहिलं? त्यानं मला निळी दाखवली, लाल दाखवली, ब्रेक मारला की नाचणारी दाखवली. शेवटी दोन साध्या पांढऱ्या लायटी बंपरखाली बसवल्या. वायर मात्र मी जोडणार म्हणून हट्ट धरला आणि थेट बॅटरीवर जोडली. लाईट झकास लागली. फक्त ती बंद होईना. चावी काढली, घरी गेलो, जेवलो, झोपलो, ती चालूच. सकाळी बॅटरी ठार. (बंद करायला बटण लागतं हे मला माहीत होतं, सूनबाई. पण चौतीस वर्षं माझं बटण सबस्टेशनात होतं आणि ते दाबायला दुसरा माणूस होता.) गावानं धक्का मारत गाडी पेट्रोल पंपापर्यंत नेली, तिथं बॅटरी चार्ज करून घेतली आणि परत वारंगा फाटा गाठला. मग नेमसिंगनं वायर चावीवरून घेतली आणि पैसे मागितले नाहीत. त्याचं ते न मागणं मला फार लागलं.

आता गावाचं ऐका. आमच्याकडं बारा बारा तास लोडशेडिंग. मोटारी बंद, पंखे बंद, पिठाची गिरणी बंद, आणि अशा भर उन्हात मी लाईट लावून गावातून जाऊन राहिलो. लोक पारावरून विचारायचे, लाईनमन साहेब, गावची लाईट तुमीच गाडीत भरून नेता काय? एका म्हाताऱ्यानं तर मोबाईल चार्ज करायला वायर आणली. रस्त्यावर वेगळीच तऱ्हा. समोरून येणारा प्रत्येक माणूस, मोटारसायकलवाला, बैलगाडीवाला, एसटीचा कंडक्टर, मला हाताची बोटं उघडझाप करून दाखवणार की लाईट चालू हाय. शिरड ते औंढा मी एकदा मोजले, एकशे तेरा हात. आपल्या जिल्ह्यात इतकी माणुसकी आहे हे मला साठ वर्षं माहीत नव्हतं, आणि आता नको नको झालं होतं. म्हणून बॉनेटवर पेंटरकडून लिहून घेतलं, 'लाईट मुद्दाम चालू आहे. सांगू नये.' तर ते वाचायला लोक गाडी आडवी घालायला लागले. औंढ्याच्या बाजारात एका टेम्पोवाल्यानं थांबून ते मोठ्यानं वाचलं, मागं दहा गाड्या अडकल्या, आणि वाचून झाल्यावर तो म्हणाला, मुद्दाम काहून? शेवटी मी ते पुसून टाकलं.

त्यापेक्षा मोठी गोष्ट मी साफ विसरलो होतो. आपल्याकडं दिवसा लाईट लावून कोणती गाडी पळते? जिच्यात पेशंट असतो ती. साप चावलेला, विष प्यालेला, नाहीतर अडलेली बाई. पहिल्या आठवड्यात मी सिद्धेश्वरकडं गेलो तर शेळ्यावाल्यानं शेळ्या पार नालीत उतरवल्या, बाया पदर तोंडाला लावून बघत राहिल्या, आणि गाडीत एकटाच मी, पान खात. लोकांनी निष्कर्ष काढला की पेशंट मीच आहे आणि बिचारा स्वतःच गाडी चालवत दवाखान्यात चालला आहे. संध्याकाळी घरी परत येतो तर अंगणात पंधरा माणसं. माझी बहीण भिकाबाई वसमतहून एसटीनं रडत रडत आलेली. मी धडधाकट उतरलो याचा तिला आनंद झाला असेल, पण तिनं तो दाखवला नाही. आठ दिवस राहिली आणि रोज चतुराबाईला सांगत राहिली, त्या लायटी काढ म्हणावं त्याला. चतुराबाई म्हणाली, काढा. धम्मानंद फोनवर म्हणाला, बाबा, काढा. मी म्हणालो, गाडी दिसली पाहिजे म्हणजे दिसली पाहिजे, आता उभं गाव आडवं झालं तरी लाईट निघणार नाही. आणि व्याही, तीन महिन्यांत एकही ट्रक माझ्या अंगावर आला नाही. एकही नाही. हे तुम्ही शांतपणे विचारात घ्यावं.

बाकी सगळं क्षेम. काल बुद्ध पौर्णिमेला विहारात खीर होती, तुमची आठवण निघाली. तुमच्या थोरल्या चिरंजीवांना, लेकरांना आशीर्वाद. माझं मागणं काही नाही, नुसती हकीकत कळवावी म्हणून लिहिलं.

आपला,
जळबा
(निवृत्त लाईनमन)

ता. क. मागणं आहे. येत्या शुक्रवारी आकांक्षाला दवाखान्यातून सुट्टी मिळेल. लेकराला आणि तिला थेट शिरडला माझ्या गाडीत आणायची परवानगी असावी. मागच्या सीटवर चतुराबाईनं आत्तापासून दोन उशा ठेवल्या आहेत आणि मला गाडीत पान खायला बंदी केली आहे. फोनवर फक्त 'हो' म्हणा, मग वाटलं तर फोन ठेवा.

ता. क. दुसरा. जीपवाल्याबद्दल लिहितो म्हणालो होतो. (सूनबाई, इथं मामंजींना आधी पाणी द्या.) शुक्रवारी सकाळी मी तुम्हाला लाईट दाखवायला बाळापूरला पोचलो. तुम्ही औरंगाबादला गेल्याचं मला माहीत नव्हतं. विहीणबाई रुख्मिणीबाई चहा ठेवत होत्या तोच आकांक्षाला कळा सुरू झाल्या, महिनाभर आधीच. गावातले डॉक्टर म्हणाले, नांदेडला हलवा. पौर्णिमेच्या लग्नांना सगळ्या जीपा गेलेल्या, जावईबापू नोकरीच्या गावी. मी तुमचा शब्द आठवून पायरीवर तसाच उभा. विहीणबाई म्हणाल्या, दादा, उभे काहून राहिले, काढा गाडी. मी म्हणालो, व्याह्यांनी नाही म्हणून सांगितलंय. त्यावर त्या जे बोलल्या ते इथं लिहीत नाही.

काढली गाडी. लाईट आपोआप लागली. रस्त्यात एकही माणूस हात दाखवायला थांबला नाही, सगळे बाजूला झाले. ट्रक कच्च्यात उतरले, एसटीनं वाट दिली. एकच माणूस आडवा आला, नेमसिंग. त्या अख्ख्या रस्त्यावर त्यालाच माहीत होतं की ही लाईट रिकामीच चालू असते. फाट्यावर मध्ये उभा राहून विचारतो, काका, वायर बराबर चालून राहिली का? विहीणबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. तो मागं वळून पळाला, दोन्ही हात पसरून चौकातल्या चारही रस्त्यांच्या गाड्या त्यानं थांबवल्या, आणि आपण जिथं हळदीत पडलो होतो ती जागा मी एकदाही ब्रेक न दाबता मागं टाकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी अर्धा तास झाला असता तर लेकराचं सांगता आलं नसतं. जीप विहीणबाईंनी तुम्हाला राग येऊ नये म्हणून रचली. जीप कुठं नव्हतीच. (सूनबाई, हा एक कंस मात्र मोठ्यानं वाचा. व्याही, मला फार भीती वाटली होती. पोरगी मागं कण्हत होती आणि मला आरशात बघायचा धीर होत नव्हता. तीन महिने मला ज्या लोकांच्या हातांचा कंटाळा आला होता, त्यांच्याच वाट देण्यानं आपली नात आली. आणि शब्द तुमचा मोडलेला नाही, कारण त्या वेळी तुमच्या डोळ्याला पट्टी होती.)

ता. क. तिसरा. टॉवेल कसलेही चालतील, पण दोन आणा, त्यातला एक नेमसिंगला देईन. टोपी मात्र बावीस नंबरची आणा, एकवीसची मला कानावर करकचते.