पिंडातला बोंबील

पप्पा, तुमच्या दहाव्याला पिंडात मी सुका बोंबील कोंबला होता. कावळा तुमच्यासाठी नाय आला, बोंबलासाठी आला.

सगळे उन्हात उभे. कावळे समोरच्या भिंतीवर बसलेत, भाताकडे बघतायत आणि मान फिरवतायत. काका हात जोडून बोलतायत, "दादा, वयनीक आमी बघतलंव. काळजी करू नको, ये." आत्या बोलली पोराचं लग्न लावून देऊ. तरी एक पण हलला नाय. आई तिथेच मातीत बसली, "काय राहिलं हो ह्यांचं?" असं ज्याला त्याला विचारत. मग काका माझ्याकडे वळले. "तू बोल रे. तुका म्हायत आसतला."

माहीत होतंच. आमच्या बिल्डिंगमागचा पिंपळ. रोज सकाळी पहिला घास तुम्ही खिडकीत कावळ्याला ठेवायचात. "पिंपळ माणूस लावत नाय रे, हेच लावतात. सावलीचं भाडं द्यायला नको?" सातवीत मी त्या झाडावर चादरीचं भूत टांगलं, तर वरच्या काकू चप्पल टाकून पळाल्या. तुम्ही खाली आलात, भूत बघितलंत, हसू दाबलंत. "भूत झकास आहे. खिळा कोणी मारला?" आणि तेव्हा पडली कानाखाली. खिळा मलाच काढायला लावलात, भोकात हळद भरायला लावलीत. "शनिवारी पाया पडतोस ना ह्याच्या? मग?"

तुम्ही हॉस्पिटलात असताना सोसायटीची मीटिंग होती, झाड तोडून पार्किंग करायची. तुम्ही मला पाठवलंत. "बाकीचे काय पण करू देत, तू हात वर करू नको." मी केला. सेक्रेटरी बोलले बाईकला जागा देतो, आणि सगळ्यांचे हात वर होते, एकट्याने खाली ठेवून बसायची लाज वाटली. संध्याकाळी डबा घेऊन आलो तर तुम्ही एवढंच विचारलंत, "झाड?" मी बोललो, "आहे." त्या दिवशी होतंच.

आता कावळ्यासमोर काय बोलू? सांभाळीन म्हणू? लघवीला जातो सांगून नाक्यावर पळालो. सुकी मच्छी विकणारी मावशी माझं तुळतुळीत डोकं बघून बोलली, "घरात सुतक आणि बोंबील मागतोस? लाज नाय?"

"मला नकोय गं. पप्पांना हवाय."

तिने ढिगात हात घातला. "मग मोठा घे," बोलली.

परत येऊन पिंडाच्या पाया पडायला वाकलो आणि बोटाने आत ढकलला. मागे सरकतोय तोच दोन कावळे उतरले. काका बोलले, "बघलंस? पोराचा आयकल्यान." आई रडली, पण तिचा चेहरा सैल पडला. घरी येऊन ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. "काय कबूल केलंस रे त्यांना?" मी बोललो, ते सांगायचं नसतं.

पिंपळ पुढच्या महिन्यात गेला. तिथे आता माझी बाईक असते, सीट उन्हात तापून चटका देते. पितृपक्षात आई गच्चीत पान वाढते. भात सुकून जातो, नाहीतर कबुतरं उधळतात. कावळे येणार कुठून, बसायला फांदी नाय. पण आई बोलते, "ह्यांचं सगळं पावलं, आता कशाला येतील?" आणि पान उचलून आत येते.

मला मात्र नक्की कळलंच नाय तुमचं काय राहिलं होतं. झाडच असेल, की अजून काही? विचारायचा एकच चान्स होता, तो मी बोंबलाने बुजवला. हे लिहून तरी कुठे पाठवणार. गादीखालीच जाईल.

तुम्ही आईच्या स्वप्नात येता म्हणे, चहा मागता. तिला काय पण सांगा. मीटिंगमध्ये मी हात वर केला ते सांगितलंत तरी चालेल, मी ओरडा खाईन. फक्त तो कावळा कशाला उतरला ते नका सांगू. कोणालाच नका सांगू, पप्पा. पाया पडतो.