आठवड्यातले चार दिवस घरून

६ फेब्रुवारी २००६, सोम.
सिन्नरला कंपनीत जाण्याआधी टायरमध्ये हवा. सुधीरची जुनी गाडी, आम्ही तिघे: तो, मी, मागे अकाउंट्सचे जोशीकाका. मी मागे लागल्यापासून सु. घाटात गाडी दामटत नाही, द्वारकेच्या सिग्नलला इंजिन बंद करतो. लिटरला तेरा द्यायची, आता सोळा देते. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवतात. काका म्हणाले, "मेधाबाई, तुमच्यापायी आम्ही रोज शिव्या खातो. धूर तेवढा कमी खातो म्हणा."

१६ फेब्रु.
काका रजेवर. द्वारकेला इंजिन बंद. सु. समोर बघत म्हणाला, "आईला तुमच्या घरी पाठवू का? तुझी हरकत नसेल तर."
मी म्हणाले, "सिग्नल सुटला."
सुटला होताच. नाशिकरोडला त्याने कालच्या ड्रॉइंगचं काहीतरी विचारलं. मला फक्त वेळ हवा होता. तेवढं तरी सांगायला हवं होतं.

२ मार्च
साहेबांना अर्ज दिला. चार दिवस घरून काम, बुधवारी कंपनीत. ड्रॉइंग मेलने जातं, घरी ब्रॉडबँड आलं आहे. जाण्यायेण्यातले अडीच तास, पेट्रोल, धूर, सगळं मांडलं. एकही वाक्य खोटं नाही. सु.ला सांगितलं नव्हतं. त्याला साहेबांकडून कळलं. संध्याकाळी एवढंच म्हणाला, "चांगलं आहे. तुझा वेळ वाचेल."

२० मार्च, सोम.
घरून पहिला दिवस. दुपारपर्यंत दिवसाचं काम संपलं. आई खूश, माझा खोकला थांबेल म्हणते. थांबेलही. चारनंतर काय करायचं ते कळेना. जुनी ड्रॉइंग पुन्हा तपासली. चुका नव्हत्या.

२९ मार्च, बुध.
गाडीत पुढे स्टोअर्सच्या पाटीलबाई. जागा रिकामी जायला नको म्हणून सु.ने त्यांना रोजच घेतलं आहे. त्यांची स्कूटर आता घरीच असते. हा नियम माझाच: एकट्यादुकट्याने गाडी न्यायची नाही. मी मागे, काकांशेजारी. द्वारकेला इंजिन बंद झालं तशा बाई कैरीच्या लोणच्यावर बोलायला लागल्या. सु. हसत होता. आरशात एकदा बघितलं त्याने. की मागची गाडी बघितली?

१२ एप्रिल, बुध.
तेच. बोलता आलं नाही. उतरताना सु.ला म्हणाले, गाडी छान चालते आहे. हे काय बोलले मी.

१८ एप्रिल
काकांचा फोन. आधी आईची चौकशी, मग ऊन, मग मुद्दा. सु.साठी नामपूरचं स्थळ आलं आहे, रविवारी बघायला जाणार. "त्याने मला काही सांगितलेलं नाही हो. मी आपला मागे बसून दोन वर्षं बघतोय. तुला काही म्हणायचं असेल तर त्याआधी म्हण."
काका, तुमचा काहीतरी गैरसमज झाला आहे, म्हणाले. इतकं सफाईने, की त्यांनी लगेच माफी मागितली.

२० एप्रिल, गुरु.
घरी बसून त्याला लिहून कळवणं जमेल असं वाटलं होतं. तीन मेल लिहिल्या, पुसल्या. शेवटी फोन केला.
"उद्या गाडीत जागा आहे?"
"उद्या तुझा दिवस नाही."
"माहीत आहे."
मग म्हणाला, "मागेच आहे. चालेल?"
चालेल म्हणाले. पाटीलबाई आणि काकांसमोर कसं बोलायचं ते अजून ठरलेलं नाही. आठला कोपऱ्यावर.