पाठीवरचे पट्टे

४ ऑगस्ट
पुन्हा वारा! धाकट्या बहिणीला, वेनिंगला, आठवडाभर उलट्या, चक्कर, डोकं धरून बसणं. मीच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी ब्लाऊज जरा वर केला, पाठीवरचे लाल पट्टे बघितले. अंगात वारा शिरला की आमच्याकडे पाठीला तेल लावून नाण्याने घासतात, तेव्हा उठतात तसे. "नाण्याने घासून घेतलंय की! म्हणजे वाराच शिरलाय अंगात. आल्याचा चहा पाजा." तिसरी खेप, आणि तिन्ही वेळा तेच. मीही मान डोलावली.

५ ऑगस्ट
घासलं कोणी? तिच्या सासूचे तर हात थरथरतात. वेनिंगला विचारलं तर म्हणे, "शेजारणीने. सोड ना, ताई."

८ ऑगस्ट
आज मीच तेल घेऊन बसले. अख्ख्या गल्लीच्या पाठी मी घासते, आईने शिकवलंय — नाणं कण्यापासून बाहेर, तिरकं ओढायचं. कण्यावरून कधीच नाही, हाडाला लागतं.
हिचे पट्टे कण्यावरून आडवे गेलेत! एका टोकाला कातडी फाटलेली. हे वायरचे वळ!
"दार्सोनो? तुझ्या नवऱ्याने?"
ती पालथीच पडून राहिली. "डोकंही आपटलं. भिंतीवर. दोनदा."
वारा म्हणे! त्या डॉक्टरचं थोबाड फोडावंसं वाटतंय. आणि माझंही.

९ ऑगस्ट
मारलं त्याला.
मिरच्या वाटायचा दगडी बत्ता घेऊन गेले. दार्सोनो भात जेवत होता. हसला! "या ताई, बसा जेवायला." खांद्यावर घातला. हाड मोडल्याचं ऐकू आलं, आणि खरं लिहिते — बरं वाटलं. भातात रक्त नव्हतं, याचंच वाईट वाटलं. दुसरा डोक्यात घालणार होते, तर वेनिंगने हात धरला. माझाच!

१० ऑगस्ट
त्याने तक्रार केली. आता सगळं वेनिंगच्या जबाबावर. खरं बोलली तर तो आत, नाहीतर मी. ती माझ्याकडे निघून आलीय, पण दोन वर्षांची पोरगी त्याने ठेवून घेतलीय.
"चौकीत सांगशील ना?"
"सांगेन, ताई. सगळं सांगेन."
रात्रभर माझा हात सोडला नाही.

१२ ऑगस्ट
चौकीत तो आधीच येऊन बसला होता, धड हातावर पोरगी घेऊन.
वेनिंग म्हणाली, "मला वारा शिरला होता. पट्टे ताईनेच काढले." सही केली, आणि त्याच्याकडून पोरगी घेतली.