कुत्र्याच्या गाडीतून बाबा

तोर्रेमाल्बा, २१ नोव्हेंबर २००४

चि. एलादियो यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही जिवंत आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते, कारण तुझं पत्र नाही. फोन करायचा तर तो बाबांच्या खुर्चीला टेकून आहे, आणि बाबांना ऐकू येत नाही ते फक्त मी काम सांगते तेव्हा. म्हणून लिहिते. अक्षराला हसू नकोस. तू शाळेत जात होतास तेव्हा मी शेळ्यांमागे होते.

काम असं. खाणीच्या रेल्वेचे रूळ उपटून सायकलींचा रस्ता केला, तेव्हापासून वरची खोली मी सायकलवाल्यांना देते, हे तुला ठाऊक आहे. येतात, न्हातात, मसुराचं कालवण ओरपतात आणि सकाळी समुद्राकडे उतरून जातात. दुसऱ्या रात्री राहावं असं आपल्या गावात काय आहे, ते मलाही कुणी सांगितलेलं नाही. गेल्या सोमवारी पाम्प्लोनाहून एक बाई आली. इदोया नाव. साठीची, एकटी, घट्ट चड्डीत. शहरात बस चालवायची, आता निवृत्त झाले म्हणते. सायकलच्या मागे दोन चाकांची गाडी जोडलेली, आणि गाडीत कुत्री.

एलादियो, ट्रफलचा हंगाम तोंडावर आलाय. जमिनीखालची ही सोन्याच्या भावाची अळंबी कुत्र्याच्या नाकानं शोधतात, हे आपल्याकडचं शेंबडं पोर सांगेल. आणि ही बाई कुत्री घेऊन आपल्या डोंगरात हवा बदलायला येते. कुत्री म्हातारी आहे, कंबरेतून गेलीय, म्हणून गाडीतून फिरवते म्हणे. मी विचारलं की नाकही कंबरेतून गेलंय का. तर हसली. ज्याला उत्तर द्यायचं नसतं तो हसतो.

आठवडा होत आला, जायचं नाव नाही. वारा समोरून आहे म्हणते. पुढे सगळा उतार आणि हिला वारा. इकडे बाबा रोज दाढी करायला लागलेत. आई गेल्यापासून रविवार सोडला तर वस्तऱ्याला हात लावत नव्हते. तिच्याशी दुपारभर बोलतात. माझ्याशी बोलताना त्यांचे शब्द संपलेले असतात. तुला आठवतं ना, हिवाळ्यात पोतडी खांद्याला अडकवून डोंगरात जायचे, संध्याकाळी ट्रफल टेबलावर ठेवायचे, आणि कुठून आणली ते आईलासुद्धा सांगायचे नाहीत. जागा एकाच लेकराला सांगायच्या, तेही हातपाय थकल्यावर, अशी आपल्याकडची रीत. मी या घरात राहिले. आईचं मी केलं, बाबांचं मी करते. त्या जागा माझ्या आहेत असं मी समजून आहे. आणि नेमकी आता ही बाई.

सरळ विचारते. तू पाम्प्लोनाच्या कारखान्यात होतास. हिला तू पाठवलीस का?

लोभ ठेवायचा की नाही, ते उत्तर आल्यावर ठरवते.

तुझी बहीण
बेनिता


बार्सेलोना, २७ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पाम्प्लोनात मी फ्रिजची दारं बसवत होतो, बायका पाठवायचं खातं दुसरीकडे होतं. कामाला बसने जायचो हे मात्र खरं. तुझ्या बाईने मला कधी थांब्यावर सोडून बस पुढे काढली असेल तर मी तिला माफ केलं, असं कळव.

रोसारियोने तुझं पत्र वाचलं आणि मलाच ऐकवलं की सासरे ऐंशीच्या घरात रोज दाढी करतात, तुम्हाला पन्नाशीत काय झालं. तेव्हा तुझ्या पाहुणीचा त्रास इथवर पोचला आहे. मुलं मजेत आहेत. धाकटा उंचीने माझ्यावर गेला, अकलेने अजून वाट पाहतोय.

ताई, म्हातारी कुत्री गाडीतून नेणारी बाई चोर नसते. चोर तरणी कुत्री आणतात आणि मोटारीने येतात. बाबांना कुणीतरी बोलायला मिळालं, तर मिळू दे.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेत नाही. त्या जागा तुझ्याच, असं तू लिहिलंस. मी गाव सोडलं, बाप सोडलेला नाही. तू घरात आहेस म्हणून सगळं तुझ्याच कानात पडावं, हे कुणी ठरवलं? नाताळला येतो. काय सांगायचं ते बाबा दोघांसमोर सांगू देत.

माझा लोभ तुझ्या ठरवण्यावर नाही, तो आहेच.

एलादियो


तोर्रेमाल्बा, ४ डिसेंबर

चि. एलादियो यास,

आशीर्वाद. या खेपेला अनेक नाहीत.

नाताळला यायचं बरं सुचलं. आई अंथरुणाला होती तेव्हा कारखान्याला सुटी नव्हती. असो.

आता ऐक. मंगळवारी कपडे वाळत घालून आत आले तर ती कुत्री माझ्या चुलीपुढे पसरलेली. बाई नाही, सायकल नाही, गाडी नाही आणि खुर्चीत बाबा नाहीत. पावाच्या दुकानात गेले तर प्रेसेंतासियोनचं हसू थांबेना. म्हणाली, तुझा बाप आत्ता कुत्र्याच्या गाडीत बसून गेला. गुडघे हनुवटीला, अंगावर घोंगडं, डोक्यावर टोपी. बाई पेडल मारतेय, आणि हा लोकांना हात करतोय, बिशपसारखा. दुकानात चार बायका होत्या. आता गावात कुणाला माहीत नाही असं कुणी उरलेलं नाही.

घरी आल्यावर विचारलं, तर हवा खायला गेलो म्हणाले. जन्मभर वाऱ्याला शिव्या देणारा माणूस. आणि संध्याकाळी टेबलावर काय, तर ट्रफल. अक्रोडाएवढी. जुन्या जागेतली आहे म्हणाले आणि खाली मान घालून सूप प्यायले. बाबांची कुत्री उन्हाळ्यातच मेली, त्या बाईची तर माझ्या चुलीपुढे होती. मग काढली कशी? झाडाखाली माशा घोंघावतात त्यावरून बाबा ओळखतात, ते मी लहानपणी ऐकलंय. म्हणजे नाक नको. त्यांना पाय हवे होते, ते हिने दिले. जन्मभर बस चालवलेली बाई. एकदा गेलेला रस्ता ती विसरेल का, तूच सांग.

पोलीस चौकीवर गेले. हवालदारानं विचारलं, गुन्हा काय. मी म्हटलं, माझ्या बापाला कुत्र्याच्या गाडीतून नेतात. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि गाडीच्या मागे लाल दिवा लावा म्हणाला.

माझी लेक पिलार सारागोसाला शिकायला गेली तेव्हापासून तिची सायकल गोठ्यात पडलीय. काढलीय. हवा भरलीय. पुढच्या वेळी ती दोघं निघाली की मी मागे.

तू पाठवली नाहीस हे मी अर्धं मानते. तेवढाच लोभ धर.

बेनिता


बार्सेलोना, ९ डिसेंबर

ती. ताईस,

सा. न. घाईत लिहितो. सायकलवर बसू नकोस. तुझं वय काय, तो घाट काय, आणि तू शेवटची सायकलवर बसलीस तेव्हा पाद्र्याच्या वाफ्यात गेली होतीस.

पण बसलीसच, तर झाड कुठलं ते नीट लक्षात ठेव.

काळजीत असलेला
एलादियो


तोर्रेमाल्बा, १६ डिसेंबर

इदोयाबाई यांना,

नमस्कार. तो मनापासून आहे की नाही, ते पत्र वाचून ठरवा.

तुम्ही निघालात त्या सकाळी मी खाली आले नाही. तुम्हाला वाटलं असेल मी रागात आहे. रागात होतेच. पण खरं कारण, मला उभं राहता येत नव्हतं. तुम्ही रोज कशा बसता त्या सीटवर, देव जाणे.

आदल्या दिवशी तुमच्या मागे मी होते. बोगद्यातून, पुलावरून, सगळीकडे. पडक्या स्टेशनापाशी तुम्ही गाडी सोडली. बाबांनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि तुम्ही दोघं चढ चढून गेलात. मी झुडपाआड पालथी. एका मोठ्या ओकखाली बाबा थांबले, टोपी काढली. मला वाटलं, झालं, सांगितलं हिला. माझ्या तोंडून तुमच्यासाठी जे शब्द निघाले ते मी लिहीत नाही, लिहिताही येत नाहीत.

तुम्ही उतरलात तशी मी वर गेले. तुम्ही पाम्प्लोनाच्या, तुम्हाला कळलं नसेल. ज्या झाडाच्या मुळाशी ट्रफल असते त्याच्याखाली गवत जगत नाही. गोल रिंगण पडतं, जाळल्यासारखं बोडकं. बाबांच्या झाडाखाली गवत होतं. पार बुंध्यापर्यंत. एका पावसाचं नाही, वर्षानुवर्षांचं, दाट. शेजारच्या झाडाखाली तेच. त्याच्या पलीकडे तेच. त्या डोंगरात ट्रफल उरलेली नाही, बाई. कधीची नाही.

मग तुम्ही निकानोरच्या फाटकाशी थांबलात. निकानोरनं शेत नांगरून, पाण्याच्या नळ्या टाकून ओक लावले आणि ट्रफल पिकवली, म्हणून बाबा त्याला भाजीवाला म्हणतात. त्याचं नाव घरात घेतलेलं चालत नाही. त्या निकानोरनं माझ्या बापाला हात धरून गाडीतून उतरवलं, आणि येताना वर्तमानपत्रात गुंडाळून काहीतरी दिलं. संध्याकाळी ते माझ्या टेबलावर आलं, जुन्या जागेतलं म्हणून. मी अंड्यांवर किसलं. चव चांगली होती. तेच मला जास्त लागलं.

आता सांगा. हे कधीपासून चाललंय? आणि तुम्हाला सांगितलं, मला का नाही? हे दुसरं मी रागानंच विचारते.

उत्तर लवकर टाका. वाट बघायची मला सवय आहे, पण आवड नाही.

बेनिता


पाम्प्लोना, ३० डिसेंबर

प्रिय बेनिताबाई,

स. न. तुमच्या साखळीचं करकरणं पहिल्या बोगद्यापासून ऐकू येत होतं. तुमच्या वडिलांना वाटलं कुणाचं तरी गाढव आहे. चढावर तुम्ही फार मागे पडलात तेव्हा मी उगाच पाणी प्यायला थांबले, हे आता सांगायला हरकत नाही.

मी गप्प राहीन असा त्यांना शब्द दिला होता. पण तुम्ही गवत पाहिलंत, मग लपवायला काय राहिलं?

डोंगरातल्या जागा दुष्काळात मेल्या, तुमच्या आई होत्या तेव्हाच. तेव्हापासून तुमचे वडील निकानोरच्या कुत्र्यांना ट्रफल हुंगायला शिकवतात आणि हंगामात तो त्यांना एखादी ट्रफल देतो. आजवर पायी जायचे. या वर्षी गुडघ्यांनी नाही म्हटलं. माझी गाडी पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं की ही किती वजन ओढते. मला वाटलं, कुत्रीबद्दल विचारतायत. वारा दोनच दिवस समोरून होता, बाकीचे दिवस मी त्यांच्यासाठी थांबले. झाडापाशी मात्र ते दर वेळी आधी जायचे. नुसते उभे राहायचे.

मला का सांगितलं? मी निघून जाणारी. जाणाऱ्या माणसाला काही द्यावं लागत नाही. मुलीला का सांगत नाही, हे मी त्यांना विचारलं होतं. ते जे म्हणाले ते तसंच लिहिते: "तिनं सगळा जन्म वाट पाहिली. आता तिला काय, गवत देऊ?"

वसंतात समुद्रापर्यंत जायचा विचार आहे. तुमच्या खोलीत जागा असेल तर एक रात्र राहीन. वारा असेल तर दोन. कुत्रीला तुमची चूल आठवते. आमच्यावर इतकी माया पुरे.

इदोया


तोर्रेमाल्बा, २० जानेवारी २००५

चि. एलादियो यास,

आशीर्वाद, आणि या खेपेला अनेक. रोसारियोचा खोकला कसा आहे? मध चाटवत जा, बाटलीतलं लाल औषध काही कामाचं नाही.

नाताळात तू बाबांना जागांवरून छळलंस ते मला पटलं नव्हतं. जेवताना विचारलंस, चर्चमधून येताना विचारलंस. ते एक अक्षर बोलले नाहीत आणि तू तोंड पाडून गेलास. ती पाम्प्लोनाची बाई घेऊन गेली असंच तुला अजून वाटतंय, हे तुझ्या पत्रावरून कळलं. नाही. तिनं काही नेलेलं नाही. त्या बाईबद्दल वेडंवाकडं बोलायचं नाही, ते मी पुरेसं बोलून झालंय.

लोहाराकडून एक गाडी करून घेतली. पिलारच्या बाबागाडीची चाकं, वर जुन्या खुर्चीची बैठक, मागे लाल दिवा. ती सायकलला जोडली. सान आंतोनच्या सणाची शेकोटी झाली, जनावरांना आशीर्वाद मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हटलं, बसा. गाव आता दोघांना हसतं. मला पेडल मारताना पाहून प्रेसेंतासियोन दुकानाबाहेर आली. मी तिला हात केला.

पडक्या स्टेशनापाशी थांबलो. मी त्यांना म्हटलं, मला जागा हव्यात. जशा असतील तशा. आज हव्यात, आणि मलाच हव्यात. मला वाटलं परत चला म्हणतील. मग खांद्यावर हात टाकला.

सगळी झाडं दाखवली. कुठल्यापाशी आजोबांना पहिली सापडली, कुठल्याखाली कुत्रीनं पिलं घातली, कुठे रानडुकरानं त्यांना झाडावर चढवलं आणि ते संध्याकाळपर्यंत वरच बसले. तोवर माहीत नव्हतं मला यातलं काही. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. मीपण झाडांकडेच बघत होते. शेवटी म्हणाले, कुणाला सांगायचं नाही, एलादियोला तर नाहीच. मी बरं म्हटलं.

तेव्हा तू विचारू नकोस. रागावलास तरी विचारू नकोस. रोसारियोकडून विचारून घेऊ नकोस, फोनवर तर मुळीच नाही. हंगाम संपेपर्यंत त्यांना दर आठवड्याला मी नेणार. वाटेत त्यांना जिथे थांबायचं असेल तिथे थांबेन, आणि ते येईपर्यंत डोंगराकडे तोंड करून सायकल पुसेन, परवा पुसली तशी.

सोबतच्या डब्यात एक ट्रफल ठेवलीय. झाकण लगेच उघड, नाहीतर पोस्टमन घरी घेऊन जाईल. अंड्यांवर किसून खा, मुलांना दे. बाबांच्या जागेतली आहे.

लोभ होता तसा ठेव, मी माझा वाढवलाय.

तुझी बहीण
बेनिता