उकळलेले दगड

वसमत, ता. ३ मे १९९९

आयुष्मती सपनाताईस,
धाकट्या धम्मानंदचा सप्रेम जयभीम. वि. वि. इकडे सर्व ठीक आहे असे लिहायची रीत आहे, पण ठीक नाही.

आमच्या डॉक्टर रतनसिंग चव्हाणांच्या छातीत दुखू लागले आणि डॉक्टरीणबाई त्यांना हैदराबादला घेऊन गेल्या. हृदयाचे ऑपरेशन आहे. जीपमध्ये बसताना डॉक्टर दवाखान्यातल्या काचेच्या टाकीकडे बोट करून म्हणाले, की धम्मा, ध्यान ठेव, पण जास्त हात घालू नको. तू रत्नागिरीहून धाडलेले समुद्राचे पाणी, दहा दगड आणि दोन मासे असलेली ती टाकी. तिच्यात डॉक्टर ना औषध टाकतात, ना गाळणी लावतात.

चार दिवसांनी दगडांच्या भोकांतून केसाळ किडे निघताना दिसले. वर हिरवा चिकट थर. मी कंपाउंडर, जंतू दिसले की उकळायचे, एवढेच मला येते. सहा दगड काढले, सुया उकळतो त्या भांड्यात वीस मिनिटे उकळले, ब्रशने घासून परत ठेवले. कालपासून पाणी दुधासारखे झाले आहे. उरलेल्या चार दगडांवरची प्रवाळाची फुले मिटली. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. अशक्त झाले असतील म्हणून खाणे दुप्पट केले.

ताई, नववी नापास पोराला डॉक्टरांनीच हाताला धरून कंपाउंडर केले. बाई फोनवर सांगतात, की ते रोज टाकीचेच विचारतात. ती मेली हे ऐकून त्यांचे काळीज थांबले तर? लवकर लिही. माया आहेच, ती कमी करू नको.
धम्मानंद

रत्नागिरी, ता. ९ मे

आयु. धम्मानंद यास,
ताईचा जयभीम आणि एक गालफडात. पत्रातून लागत नाही म्हणून वाचलास.

मी इथल्या मत्स्यालयात टाक्या पुसते. साहेब लोकांचे ऐकून शिकले तेवढे सांगते. ते किडे म्हणजे तुझ्या डॉक्टरांचे नोकर आहेत. माशांची घाण ते खातात, त्यांची घाण दगडात राहणारे, डोळ्याला न दिसणारे जीव खातात. उरल्यासुरल्यावर शेवाळ वाढते, ते गोगलगायी चरतात. म्हणून गाळणी लागत नाही. तू सहा दगडांतला सगळा गाव उकळलास आणि आता तो पाण्यात सडतो आहे.

ते दगड बाहेर काढ. मी धाडलेले समुद्राचे पाणी पिंपात उरले असेल, त्याने टाकीचा चौथा भाग बदल. दोन दिवस खाणे बंद. लाईट गेली की पाणी फिरवणारा पंप थांबतो, तेव्हा मगाने पाणी उचलून वरून सोडत राहा. पाणी आटले तर गोडेच घाल, मीठ उडून जात नाही. आमटी आटली तर वर मीठ घालतोस का? घालत असशील, तुझा भरवसा नाही. एवढे झाले की हात खिशात घाल. वाळूसुद्धा हलवू नको. वेळेवर जेव आणि आठवण ठेव.
सपनाताई

वसमत, ता. १७ मे

आयुष्मती ताईस जयभीम. वि. वि.
तुझे पत्र परवा मिळाले. त्याच सकाळी पट्ट्यांचा मासा मेला होता. तू लिहिलेले सर्व केले. काल पाच तास लाईट नव्हती, हातात मग घेऊन पाणी वरून सोडत बसलो. मलमपट्टीला आलेली जनकाबाई म्हणाली, पोरगं काहून पाण्यासंग खेळून राहिलं, डागदर न्हाई तर ऐश आहे.

गुरुवारी ऑपरेशन आहे. बाईंनी बजावले, की काहीही होवो, टाकी बराबर आहे असेच म्हणायचे. मी डॉक्टरांसाठी तसाच निरोप दिला. आता ऑपरेशनआधी डॉक्टर स्वतः फोनवर येणार आहेत. तुझे उत्तर त्याआधी पोचणार नाही, तरी विचारतो, काय सांगू? आहेस म्हणून धीर आहे.
धम्मानंद

रत्नागिरी, ता. २२ मे

आयु. धम्मानंद यास जयभीम.
सांगू नको. हे उशिरा पोचेल, तरी लिहिते. माणूस आधी घरी येऊ दे. दगड मीच धाडले होते, मलाही भीती वाटते. खुशाली लगेच कळव.
सपनाताई

वसमत, ता. २७ मे

आयुष्मती ताईस जयभीम. वि. वि.
तुझे पत्र आज मिळाले. मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, बुधवारीच सांगून बसलो. डॉक्टरांनी विचारले, की दुपारी फुले उघडतात का. बराबर आहे म्हणायला तोंड उघडले आणि सगळे बाहेर पडले: दगड, वीस मिनिटे, मेलेला मासा. मग फोन कटला. परत लागला नाही. नंतर सहा दिवस हैदराबादहून काही कळले नाही. दवाखान्यासमोर जीप थांबली की मी पाठ फिरवून उभा राहत असे.

काल फोन आला. ऑपरेशन नीट झाले. बाई मला खूप बोलल्या, मी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, की शुद्धीवर येताच डॉक्टरांनी तुझ्यासाठी निरोप ठेवलाय: इथं दर घंट्याला कोणी ना कोणी येऊन मला हलवून राहिलंय, सुखानं पडू देईना. त्या टाकीला तरी पडू दे.

आज पाणी नितळ आहे. दोन फुले अर्धी उघडली. उरलेला मासा कपारीत आहे, कल्ले हलतात. वाचेल की नाही, माहीत नाही. खाणे टाकायला हात सारखा वळवळतो. म्हणून खाण्याची डबी शेजारी तातेरावांच्या पानटपरीवर ठेवून आलो आहे. सकाळच्या एका चिमटीशिवाय मी कितीही मागितली तरी देऊ नका, असे सांगितले आहे. आज दोनदा गेलो. त्यांनी दिली नाही.

तुझ्या शब्दाचा आधार असाच राहू दे.
तुझा धाकटा,
धम्मानंद