आत्याची पुडी

सांगली–जत एसटी
शनिवार, १४ मार्च २०२६, सकाळी सात

विश्वादादा,

नमस्कार करते. तू घेतलास असं धरून चालते.

रंगुआत्याच्या हातची भाकरी खाऊन वाढलेल्या आपल्या दोघांची एकच तक्रार: आत्या कुणाचं ऐकत नाही. गुडघे गेलेत, मेंढरांमागं जाऊ नको म्हटलं तरी जाते. गेल्या रविवारी मात्र तिनं माझं ऐकलं.

मी बरी आहे. परीक्षा जवळ आलीय. गाडी हलतेय, म्हणून अक्षर असं. पत्र ड्रायव्हर जोतिबामामाच्या हाती पाठवतेय. तो म्हणतो, "इश्वाचं वाचून हुईस्तवर त्येच्या दुकानाम्होरनं गाडी हालवत न्हाई. पाशिंजर बोंबलंना का!"

रविवारी बिरोबाच्या देवळापुढं, प्रसादाला जमलेल्या गावासमोर मी भाषण केलं. तू समोरच तुझ्या औषधांच्या दुकानाच्या पायरीवर होतास. तुझ्याकडं बोट करून मी म्हणाले, "सांधेदुखीवर हा जी पुडी देतो तिच्यात स्टिरॉइड आहे. हाडं ठिसूळ करतं, साखर वाढवतं. आज, आत्ता चुलीत घाला!" टाळ्या पडल्या. आत्या उठली, पिशवीतल्या पुड्या काढल्या आणि प्रसादाच्या चुलीत टाकल्या. "माजी पोरगी शिकल्याली हाय. ती म्हनती तर बास!"

मी फुलून गेले. आत्या दोन वर्षं रोज ती पुडी घेत होती, हे मला माहीत होतं.

परवा, गुरुवारी, औषधशास्त्राच्या तासाला मॅडमनी विचारलं, "गावात रोज टँकर आला तर विहिरीचा गाळ कोण काढतं? बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीरातल्या ग्रंथी स्वतःचं बनवणं सोडतात. मग एक दिवस टँकर बंद केला तर?" मागून कुणीतरी म्हणालं, "घागरींची लाईन लागंल, मॅडम!" वर्ग हसला. मी वहीत लिहिलं: अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब उतरणं, जीवाला धोका. असं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायचं असतं.

माझ्या भाषणातलं बाकी सगळं खरं होतं रे. "आज, आत्ता" एवढंच चुकलं.

काल संध्याकाळी आत्याच्या वस्तीवरच्या दीपमालाचा फोन आला. "आत्या उठंना गं. पानीबी पोटात ठरंना, उभी केली की झीट येती. दवाखान्यात चल म्हनलं तर म्हनती, इश्वा आला तरच जाईन." दीपमाला तुझ्याकडं गेली, तर तू म्हणालास, "भाषनवालीला बोलीव." मग मी सहा वेळा फोन केला. तू कापलास.

पण ते नंतरचं. गुरुवारी अकरा वाजता मला कळलं होतं. तिथून कालच्या संध्याकाळपर्यंत मी काय केलं? काही नाही. मेसमध्ये जेवले, प्रॅक्टिकलची वही पुरी केली. तुला फोन करायचा म्हणजे चुकले म्हणायचं. ज्याच्याकडं सगळ्या गावादेखत बोट केलं, त्याच्यापुढं ते तोंडातून निघेना.

पुडीबद्दल माझं मत तेच आहे. त्यावर आपण भांडू, आत्या बरी झाली की तिच्यादेखतच. पण पुडीत काय होतं ते आत्याला सांगता येणार नाही. गोळीचं नाव, ताकद, किती दिवस दिली, हे तुलाच ठाऊक आहे. डॉक्टरांपुढं बोललास तर दुकानाचं काय, ही भीती तुला असणार. मीही तिथं उभी राहीन आणि पुडी कुणाच्या सांगण्यावरून बंद झाली ते सांगेन.

मी समोर का आले नाही? समोर आले की भाषण करते. मी वस्तीच्या फाट्यावर उतरतेय. तू हे वाचशील तेव्हा मी आत्याच्या उशाशी असेन.

दादा, त्या गोळीचं पाकीट खिशात घाल आणि जीप घेऊन आत्ता वस्तीवर ये.

चुकलेली,
उत्कर्षा